शितावरून परीक्षा

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत जेवणाची सुट्टी जेमतेम वीस मिनिटांची. काचेच्या दाराशी धाकटा भाऊ दिसला तशी ताईने डबा झाकला. या दीडशहाण्याला बहीण आठवायची ती अडचणीत, नाहीतर फुशारकीत. आज फुशारकी होती.

"उगाच माझ्या नावाने बोटं मोडतेस. आम्ही नशासुद्धा तपासून करतो." त्याने पुडी उघडली. आत अर्धी निळी गोळी, दोन लाल रेघा उमटलेली तपासणीची पट्टी आणि एक कोरी पट्टी. "दोन रेघा, म्हणजे फेंटानिल नाही. वाचता येतं मला."

"शिकलास की! आणि तपासलंस काय?"

"कोपरा. नखाने खरवडून. अख्खी गोळी पाण्यात घातली तर खायचं काय, पट्टी?"

"शितावरून भाताची परीक्षा! अरे, भात एका पातेल्यात सारखा शिजतो. ही गोळी कुणीतरी मोरीत बसून कालवलेली. विष एकाच बाजूला गोळा झालेलं असतं."

तिने ती अर्धी गोळी खलात कुटली, पाण्यात पूर्ण विरघळवली आणि कोरी पट्टी बुडवली. एक रेघ आली. दुसरी आलीच नाही. म्हणजे फेंटानिल होतं, कणभरानेही श्वास थांबवणारं.

"पट्टी खराब असेल," भाऊ म्हणाला.

"पट्टी नाही. उरलेली अर्धी कुठाय?"

"माझ्या मेहुण्याने घेतली, तासाभरापूर्वी. आमच्या सोफ्यावर निवांत घोरतोय. छत हलतंय नुसतं!"

ताईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने वहिनीला फोन लावला.

"अगं, आतल्या खोलीतून बाहेर ये. तुझ्या भावाला जोरात हलव. उठतोय?"

"नाही हो, ताई... घोरणंही थांबलंय. ओठ निळे दिसताहेत."

"उताणा झोपव. डोकं मागे, हनुवटी वर. नाक दाब, तोंडाने श्वास दे. दर पाच सेकंदांनी एक. मी मोजते."

"मी काय करू?" भावाचा आवाज फाटला.

"रुग्णवाहिकेला फोन कर. काय घेतलंय तेही सांग. आणि पत्ता पूर्ण सांग, नुसता कोपरा नको."

ताई मोजत राहिली. बऱ्याच वेळाने फोनमध्ये दार आपटलं, बूट वाजले, कुणीतरी नाकात नॅलोक्सोन या उताऱ्याचा फवारा मारला. मग एक कचकचीत शिवी ऐकू आली. मेहुण्याचीच. ताईने टेबलाची कड सोडली.

भाऊ हसला. "बघ, काही झालं नाही."

"फवाऱ्याचा असर आधी उतरतो, गोळीचा नंतर. तो पुन्हा झोपेल. त्याला दवाखान्यात न्यायला सांग, डॉक्टर सोडेपर्यंत शेजारी बस." तिने न खाल्लेला डबा पिशवीत टाकला. "आणि तिथे कुणाला काही वाचून दाखवू नकोस."