परग्रहावरची बोली

लीलाधर चौधरी जळगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहीत. माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी पुण्याच्या एका संपादकांनी त्यांची कथा परत पाठवली. सोबत एकच ओळ होती : ‘तुमचे परग्रहवासी जळगावच्या मामलेदारासारखे बोलतात.’

ती ओळ लीलाधरांच्या जिव्हारी लागली. परग्रहावरच्या जीवांसाठी वेगळी भाषाच करायची, असं ठरवून ते बसले. संस्कृत धातू उलटे लिहून पाहिले, त्यांना कानडी प्रत्यय जोडून पाहिले. वाचून दाखवलं की सहकारी हसत. भाषा तयार व्हायची, पण ती कुणी बोलतंय असं वाटायचं नाही.

त्याच हिवाळ्यात त्यांची बायको बेबाबाई मेंदूज्वरातून वाचली. हातपाय सावरले, समज शाबूत राहिली, पण शब्द गेले. पाण्याला ती ‘सोमळ’ म्हणे, दिव्याला ‘बिरगू’. तिला वाटे, आपण बरोबरच बोलतोय. समोरच्याचा चेहरा पाहून चूक कळली की ती ओशाळून पदर तोंडाला लावी.

डॉक्टर म्हणाले, “वस्तू हातात द्या, खरा शब्द सांगा, त्यांच्याकडून म्हणवून घ्या. पहिलं वर्ष महत्त्वाचं. शब्द परत येतात.”

सुरुवातीला लीलाधरांनी ते केलंही. एकदा ‘पाणी’ म्हणवून घेताना बेबाबाई चिडली आणि एका दमात बरंच काही बोलली. त्यातला एकही शब्द जगातल्या कुठल्या भाषेतला नव्हता. पण राग, विनवणी, थकवा, सगळं त्यात ऐकू येत होतं. लीलाधरांनी तांब्या खाली ठेवला आणि कथेची वही ओढली.

“पुन्हा बोल,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून जळगावातल्या मेहरूण भागातल्या त्या घरात खरा शब्द सांगायला बंदी झाली. धुणंभांडी करणाऱ्या मंदाबाई एकदा म्हणाल्या, “वहिनी, बिरगू नाही, दिवा म्हना.” बेबाबाईने ‘दि... दिवा’ म्हटलंही, आणि आनंदाने टाळी वाजवली. लीलाधर आतून आले. “पुन्हा तिला शिकवलंत तर उद्यापासून येऊ नका,” त्यांनी बजावलं.

शब्द आपोआप येईनात, तेव्हा ते काढू लागले. तहान लागली की तांब्या लांब धरायचा. तिची फणी लपवायची. भीतीचा शब्द हवा होता, तेव्हा तिला न्हाणीघरात कोंडून बाहेरून कडी घातली आणि दाराला कान लावला. ती रडू लागली की समजूत घालत, “तुझं नाव होईल गं यात.” ती मान डोलवायची. आपल्यावर कसले तरी उपचार चालू आहेत, असंच तिला वाटत होतं.

कथा शेवटाला आली. त्यात परग्रहावरची एक आई आपलं जळतं गाव पाहते. तिच्या तोंडी घालायला शब्द नव्हता. लीलाधर स्वयंपाकघरात गेले. बेबाबाई भाजी निवडत होती.

“बेबा,” ते शांतपणे म्हणाले, “रावेरहून निरोप आलाय. तुझा सुपडूभाऊ गेला. ट्रॅक्टर उलटला.”

तिने हातातली भाजी खाली ठेवली. मग तिच्या तोंडून एक शब्द निघाला, पुन्हा पुन्हा तोच निघत राहिला. लीलाधरांना हवा होता तसाच होता तो.

तिला खरं सांगायचं ते ‘उद्या’वर टाकत गेले. सुपडूला मात्र पत्रं जात राहिली : ‘बेबाची तब्येत ठीक आहे, येण्याची घाई करू नका.’

कथा छापून आली आणि गाजली. धुळ्याच्या वाचनालयाने जाहीर वाचन ठेवलं. तो शेवट ऐकून माणसं उठून उभी राहिली, बायकांनी डोळे पुसले. शाल खांद्यावर घेऊन लीलाधर घरी परतले, तर ओसरीवर सुपडू बसलेला. शेजारी केळ्यांचा घड पडलेला, आणि बेबाबाई त्याचा हात घट्ट धरून बसलेली. ती सोडायलाच तयार नव्हती. सुपडूला दारात पाहून ती किंचाळली होती, मग त्याचं तोंड चाचपत राहिली होती. बाकीचं मंदाबाईंनी सांगितलं होतं.

“मी मेलो म्हने, पाव्हणे?” सुपडू म्हणाला.

“त्याशिवाय तो शब्द आला नसता, सुपडूभाऊ. एकदा वाचून तर बघा. सगळं सभागृह उभं राहिलं होतं आज.”

सुपडूने हात उगारला. बेबाबाई चटकन उठून मधे उभी राहिली, नवऱ्याला पाठीशी घालून. सुपडूने हात खाली घेतला आणि तिला म्हणाला, “चाल घरी.”

रावेरला वहिनी कुंदाबाईने तिला हाताशी धरलं. केळीच्या बागेत, चुलीपाशी, विहिरीवर ती एकेक वस्तू दाखवी आणि नाव सांगे. आधी लहानपणीचे शब्द आले, मग माहेरची बोली, मग हळूहळू वाक्यं. वर्ष उलटून गेलं होतं, त्यामुळे सगळं परत आलं नाही. पण पोटापुरतं आलं.

मग एके दुपारी लीलाधर आले. संपादकांनी पुढचा भाग मागितला होता, आणि त्यांना प्रार्थनेसाठी शब्द हवे होते. बेबाबाईने घाईघाईने नवं लुगडं नेसलं, कुंकू लावलं. दारामागे उभं राहून वाक्य दोनदा पुटपुटून पाहिलं आणि पुढे आली.

“तुम्ही मले घ्याले आले ना? मले आता बोलता येते.”

लीलाधरांनी खिशातून वही काढली.

“पहिल्यासारखं बोल ना,” ते म्हणाले. “तुझं तुझं.”

“ते गेलं,” ती हसून म्हणाली. “आता बरोबर येते.”

त्यांनी आणखी दोन-चार गोष्टी विचारून पाहिल्या. तिने सगळ्यांची उत्तरं दिली, सावकाश, जपून. लीलाधरांनी चहा संपवला आणि कपबशी खाली ठेवली.

“राहू द्या हिला इथंच,” ते सुपडूला म्हणाले. “हवा मानवलीय.”

पाच वाजताची जळगावची एसटी त्यांना मिळाली. बेबाबाई ओट्यावर उभी राहून, गाडी दिसेनाशी होईपर्यंत, पाहत होती. मग तिने सुपडूला विचारलं, “भाऊ, मी काय चुकीचं बोलली?”

कुंदाबाई म्हणाली, “काही नाही चुकलं, बाई. समदं बरोबर बोलली तू.”

सगळं बरोबर होतं तरी ते निघून गेले, हे तर तिला जास्तच लागलं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि त्यानंतर तिच्याशी कुणी बोललं की उत्तर द्यायच्या आधी ती समोरच्याचा चेहरा निरखून बघू लागली.