देवदाराचा अस्सल वास

बेलीरामने सगळी नोकरी चंदीगडला काढली. एका कचेरीत तो नकाशे काढायचा. बायको खिमी इथे पहाडात, गावातच राहिली. सफरचंदाची बाग, दोन गायी आणि सासू, सगळं तिनेच ओढलं. बेलीराम दसऱ्याला यायचा आणि बर्फ पडायच्या आधी लाकडं फोडून द्यायला यायचा, तेवढंच. निवृत्त होऊन कायमचा परत आला तेव्हा आई गेलेली होती, मुलगी लग्न होऊन दिल्लीला गेली होती, आणि बेलीरामला आमचं गाव नव्याने दिसायला लागलं होतं.

तो आम्हां शेजाऱ्यांना अंगणात बसवायचा आणि आमच्याच घरांबद्दल आम्हाला सांगायचा. भिंतीत दगडावर लाकूड का, गुरं खालच्या मजल्यावर का. आम्ही ऐकायचो, कारण खिमी चहाबरोबर वाफवलेले गरम सिड्डू आणि तूप द्यायची.

वरच्या दोन खोल्या त्याने भाड्याने राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी सजवल्या. त्या निमित्ताने खिमीचं कपाट आवरताना त्याला लोकरीच्या कपड्यांत डांबरगोळ्या सापडल्या.

"हे विष आहे, विष! घरात आईची देवदाराची संदूक असताना तू डांबरगोळ्या घालतेस?"

"संदुकीत मक्याचं बियाणं आहे."

"आईने कधी डांबरगोळी वापरली होती? सांग."

"नव्हती वापरली. पण त्या दर वैशाखात सगळे पट्टू उन्हात घालायच्या, काठीने झोडपायच्या, एकेक घडी उलगडून—"

"ते वेगळं," बेलीराम म्हणाला आणि गोळ्या उकिरड्यात टाकून आला.

संदूक दणकट होती. पिढ्यान्‌पिढ्या चुलीचा धूर खाऊन बाहेरून काळी पडलेली आणि आतून अगदी कोरी. नुसता हात फिरवला तरी कुसळ जायचं. बेलीरामने ती घासूनपुसून पाहुण्यांच्या खोलीत नेली आणि तिला वार्निश लावलं. बाहेरून तीन हात आणि आतून तीन हात.

"आतून कशाला?" खिमीने विचारलं. "वास दबेल लाकडाचा."

"पाहुणे आत डोकावणार ना! आणि वार्निशने लाकूड जपलं जातं. मी काही नवखा नाही."

मग त्यात खिमीचे अंगाभोवती गुंडाळायचे चांगले लोकरी पट्टू ठेवले गेले. तिच्या आईने लग्नासाठी मागावर विणून दिलेला, लाल किनारीचा, तोही. वर भिंतीवर पाटी लागली, अक्षर अर्थात नकाशेवाल्याचं, सुबक: 'येथे कसर येत नाही. देवदार, आमच्या पूर्वजांचे औषध.'

आता एक गोष्ट सांगायला हवी. चंदीगडला नाकाचं ऑपरेशन झाल्यापासून बेलीरामला वास जवळजवळ कळतच नसे. भात करपला तरी त्याला पत्ता लागत नसे. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण तो कबूल करत नसे. पाहुणे आले की संदुकीचं झाकण उघडायचा, डोळे मिटून छाती भरून श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "घ्या. हे जंगल आहे."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला खिमीने लाल किनारीचा पट्टू उलगडला. मधोमध भोकं होती. घडीत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. बाहेरच्या सज्ज्यात बेलीराम लुधियान्याच्या एका जोडप्याला सांगत होता, "आमच्याकडे कीटक या लाकडाच्या वाऱ्यालासुद्धा उभे राहत नाहीत."

तिने त्याला काही सांगितलं नाही. तो बंजारच्या बाजाराला गेला त्या दिवशी तिने सगळे पट्टू उन्हात घातले, झोडपले, भोकं घरच्याच लोकरीने रफू केली. मग दुकानातून डांबरगोळ्या आणल्या, मलमलीच्या चिंधीत बांधल्या आणि पट्टूंच्या तळाशी खोल सारल्या.

"अगं, सरळ सांगून टाकायचं त्यांना," माझी बायको तिला म्हणाली.

"इतक्या वर्षांनी माणूस घरी आलाय, वहिनी. आल्या आल्या त्याचं तोंड कुठे पाडू? राहू दे. त्यांना तर वासही येत नाही."

सफरचंदं उतरायच्या दिवसांत दिल्लीची एक बाई राहायला आली. कामना भसीन नाव. तिचं घरगुती शोभेच्या वस्तूंचं दुकान होतं. बेलीरामने झाकण उघडलं, श्वास घेतला, जंगलाचं वाक्य म्हटलं. बाई वाकली आणि तशीच थबकली.

"अंकल, हाच तो! माझ्या नानीचं कपाट उघडलं की अगदी हाच वास यायचा. किती वर्षांनी! हल्ली असं अस्सल काही मिळतच नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून बेलीरामच्याही आलं. खिमी दारात ट्रे घेऊन उभी होती. ती चहा न देताच परत स्वयंपाकघरात गेली.

बाईने संदुकीचे फोटो काढले आणि देवदाराच्या भुशाच्या पुरचुंड्या मागवल्या. कपाटात टांगायला, शहरातल्या लोकांसाठी. बेलीरामने वखारीतून भुसा आणला, खिमीने पिशव्या शिवल्या, पार्सल गेलं. आठवड्याने फोन आला.

"अंकल, यात तो वास नाही. संदुकीतला हवाय."

बेलीरामने जुन्या ओंडक्याच्या गाभ्याचा कीस काढून पाठवला. पुन्हा तेच. मग गुरांच्या गोचिडांवर लावायचं देवदाराचं तेल त्यात शिंपडलं. बाई म्हणाली, यातून तर गोठ्याचा वास येतोय. बेलीराम हैराण झाला. आमच्याकडे येऊन भुशाच्या मुठी आमच्या नाकाशी धरायचा. "तुम्हीच सांगा, काय कमी आहे?" आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि म्हणायचो, "संदूक जुनी आहे ना, बेलीरामजी."

शेवटी त्याने ठरवलं की संदुकीच्या तळाचाच कीस काढायचा. सगळे पट्टू बाहेर काढले. शेवटचा झटकला तशी चिंधी सुटली आणि गोळ्या फरशीवरून टणटण उड्या मारत जिन्यापर्यंत गेल्या. एक खाली गायीपुढे पडली.

खिमी वर आली तर तो पट्टूवरची रफू बोटाने चाचपत होता.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"सगळ्या गावाला माहीत आहे?"

"वास सगळ्यांनाच येतो हो," खिमी म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

त्याने उठून भिंतीवरची पाटी काढून सरपणात टाकली. बरेच दिवस अंगणात सभा भरली नाही आणि आमचा सिड्डू बुडाला. मग एके दुपारी रंध्याचा आवाज ऐकू आला. बेलीराम संदुकीत अर्धा वाकून आतलं वार्निश खरवडत होता. घामाने निथळत होता. लाकूड कोरं झालं तेव्हा त्याने खिमीला हाक मारली.

"येतोय का?"

खिमीने डोकं आत घातलं.

"येतोय."

"मला बरं वाटावं म्हणून नको सांगू."

"अहो, सासूबाई उठून बसतील इतका येतोय. तुमची शपथ."

तो तिच्याकडे बघत राहिला. पडताळून पाहायला त्याच्याकडे काही नव्हतंच. मग त्याने स्वतःच्या हाताने पट्टूच्या घड्या घालायला घेतल्या. वाकड्या झाल्या, पण तिने मोडल्या नाहीत.

तो कीस त्याने दिल्लीला पाठवला आणि फोनवर सगळं खरं खरं सांगितलं. डांबरगोळ्यांसकट. बाई खूप हसली.

"अंकल, तुम्ही भारीच विनोदी आहात. पण याला तर शाळेतल्या पेन्सिलीचा वास येतोय. पेन्सिलीचा वास कोण विकत घेईल? लोकांना अस्सल लागतं."

"मग मॅडम, वाण्याकडून डांबरगोळ्या घ्या," बेलीराम म्हणाला आणि फोन ठेवला.

हिवाळ्यात त्याच्या मुलीने दिल्लीच्या एका प्रदर्शनातून फोटो पाठवला. रेशमी दोरीची छोटी पुरचुंडी, आत पांढरं गोल काहीतरी, आणि वेष्टनावर बेलीरामच्या चकचकीत संदुकीचं चित्र. खाली छापलं होतं: 'हिमालयाचा अस्सल देवदार. पहाडी आजोबांच्या हातचा.'

बेलीरामने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. फोन शेगडीपाशी बसलेल्या खिमीकडे दिला.

"निदान माझं नाव तरी छापायचं," तो म्हणाला.

"देवानेच वाचवलं," खिमी म्हणाली आणि शेगडीत लाकूड सारलं.