सात नंबरची मादी

सकाळी दहाला जागृतीचा मेसेज आला, "गोळी घेतली." माझी ही धाकटी बहीण दर महिन्याला ओटीपोट धरून तीन दिवस कळवळत पडते. नागपूरच्या एका दवाखान्यात नव्या वेदनाशामकाची माणसांवर चाचणी सुरू झाली, तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, "जा बिनधास्त. आमच्याच उंदरांवर तपासलंय, नर-मादी दोन्हींवर." फुशारकी मारायची मला भारी हौस.

नालवाडीजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत अजून त्याच औषधाचं काम चालू आहे. औषध द्यायचं, उंदीर तापल्या पत्र्यावर ठेवायचा, चटका जाणवून तो पाय चाटायला किती सेकंद लागले ते टिपायचं. वजनाच्या वेळी पिंजरे सांभाळणारे तानबाभाऊ काट्यावरचा आकडा ओरडून सांगायचे आणि मी मान वर न करता लिहून घ्यायचे. आज ते अल्लीपूरला लग्नाला गेले होते, म्हणून वजनं मीच घेतली.

सात नंबरची मादी काल दोनशे तीस ग्रॅमची होती. आज एकशे पंच्याऐंशी. तिच्या शेपटीवरच्या नंबराची शाई माझ्या बोटाला लागली.

दुपारी तानबाभाऊ लग्नाहून परत आले तेव्हा मी तिला हातात धरूनच उभी होते. "ही कोण आहे?"

ते स्टुलावर बसले. "पहिली मेली ना मॅडम. म्हणून दुसरी ठेवली, नंबर टाकून. कूलर बंद पडलता, मले वाटलं उन्हानं मेली. जनावर मेलं का मोठे सर तुमालेच बोलते, म्हणून सांगतलं नाई."

"मागच्या वर्षीच्या चाचणीतही असंच केलंत?"

"तवाबी. अकरा मेल्या."

"आणि नर?"

त्यांनी विचार केला, बहुतेक पहिल्यांदाच. "नर तं एकबी नाई मेला."

एकाच खोलीत, एकाच उन्हात! मला त्यांना झोडपावंसं वाटलं, आणि त्याआधी स्वतःला. "मरताना काय होतं त्यांना?"

"काईच नाई. मस्त झोपते. चार-पाच घंट्यानं हलवून पाह्यलं, का थंड."

अडीच वाजले होते. मी जागृतीला फोन लावला. दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा वॉर्डातल्या सिस्टरने उचलला.

"झोपली हाय ते. दुखनं पार थांबलं म्हने. कायले उठवता बिचारीले?"

"उठवा तिला! आत्ताच्या आत्ता!"

तिने फोन टेबलावर ठेवला असावा. लांबून हाक ऐकू आली, "जागृती." मग जरा मोठ्याने. मग ती डॉक्टरांना हाका मारू लागली.