नावाडणीच्या हाकेतली खरखर

दिग्दर्शक हायामा गेन्सुकेच्या आठ चित्रपटांच्या डीव्हीडी तबकड्यांचा संच निघाला तेव्हा त्याच्या तीनशेच पेट्या काढल्या होत्या. मागणी हजारावर गेली, म्हणून कंपनीनं चिठ्ठ्या टाकल्या. माझी चिठ्ठी निघाली, उराबेची नाही. माझ्या पेटीच्या आत शिक्का आहे, एकशे सतरा.

उराबे शिगेमासा माझा चाळीस वर्षांचा दोस्त. दोघंही क्योतोच्या एकाच फिल्म क्लबचे सभासद. लाकडी खुर्च्यांवर बसून, जुन्या रिळांवरच्या ओरखड्यांच्या पावसातून आम्ही हायामाचे चित्रपट पाहिले होते. या संचात ते ओरखडे एकेक चौकट घेऊन पुसले होते, आवाज धुऊन काढला होता. पेटीला निळीत रंगवलेलं कापड होतं, तेही आमच्या निशिजिन पेठेत विणलेलं. मी जन्मभर किमोनोचे कमरपट्टे विणले, तेव्हा त्या कापडावरून नुसता अंगठा फिरवला तरी विणणाऱ्याच्या हाताचा अंदाज यायचा.

पुढं अंगठाच उरला. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. आता डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात थोडासा उजेड आहे, बस्स. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी साप्पोरोला. वरच्या खोलीत जिथं माग होता तिथं आता माझ्या बेचाळीस पेट्या उभ्या आहेत. लोक विचारतात, "दिसत नाही तर ठेवल्यात कशाला?" त्यांना काय सांगायचं!

दर शनिवारी दुपारी उराबे यायचा. वर जाऊन पेटी आणायचा, तबकडी लावायचा आणि पडद्यावर काय चाललंय ते मला सांगायचा. त्याची सांगण्याची पद्धत चांगली होती. फार बोलायचा नाही. "आता ती वळली. चेहरा सावलीत आहे." एवढं पुरायचं, कारण बाकीचं मला आठवत असे.

दुसरी घरात येणारी व्यक्ती म्हणजे नोनोमुराबाई. पन्नाशीच्या, मदत-केंद्राकडून आठवड्यातून दोनदा यायच्या. केर काढायच्या, मिसोचं सूप करून ठेवायच्या, माझे मोजे जोडीनं गुंडाळायच्या. बोलायला तिखट. "कुसाकासान, तुमच्या फ्रिजमधला तोफू तुमच्याहून म्हातारा झालाय," असं मला आडनावानं हाक मारून म्हणायच्या. त्यांचा भाचा कितानोच्या देवळातल्या पंचवीस तारखेच्या बाजारात जुन्या वस्तू विकायचा. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, सहज.

फेब्रुवारीतला शनिवार होता. आम्ही संचातला पाचवा, नावाडणीचा चित्रपट लावला. त्यात एक जागा आहे. अंधारात, पलीकडच्या काठावरून नावाडीण नवऱ्याला हाक मारते. तीन हाका, आणि मग नुसतं पाणी. जुन्या प्रतीत दुसऱ्या हाकेवर खरखर यायची, तव्यावर मीठ टाकल्यासारखी. संचातल्या प्रतीत ती काढली होती. मी डोळे शाबूत असताना ती जागा पन्नासदा तरी ऐकली असेल.

त्या दुपारी दुसऱ्या हाकेवर खरखर आली.

मी चहाचा पेला हातात धरून बसलो. उराबे सांगत होता, "नाव हलतेय... ती वाकलीय." मी चित्रपट संपल्यावर म्हटलं, "तबकडीवर काय लिहिलंय रे?"

"काय लिहिणार? हायामा, पाच. का?"

"ही माझी नाही. कुणीतरी बदललीय."

त्यानं तबकडी पेटीत ठेवली. मग हसला. "अरे, कोण बदलणार?"

"खरखर ऐकलीस ना?"

"मला काही ऐकू आलं नाही." मग आवाज खाली करून म्हणाला, "पण तू म्हणतोस तर... हल्ली लेबल छापायला काय लागतं? हुबेहूब छापतात. तुझ्या घरात येतं कोण, तोकुजी?"

"तू, आणि नोनोमुराबाई."

"मग?" एवढंच म्हणाला तो.

त्या 'मग'नं माझ्या डोक्यात घर केलं. पाच दिवस मी दुसरं काही केलं नाही. बाईंचं एकेक वाक्य काढून उलटंपालटं करून पाहिलं. नवीन वर्षाच्या सुमारास त्यांनी विचारलं होतं, "ह्या पेट्या फार महाग असतील ना?" असं कोण विचारतं? त्या वरची खोली झाडायला अर्धा तास घेतात. मागाची खोली एवढीशी, अर्धा तास कशाला? आणि तो भाचा. मंगळवारी त्या आल्या तेव्हा मी खाली बसून वरची पावलं मोजली. कपाटापाशी त्या थांबल्या, आणि बराच वेळ थांबल्या.

त्या गेल्यावर मी वर जाऊन पाच नंबरची तबकडी काढली आणि मधल्या भोकाच्या कडेला सुईनं एक बारीक रेघ ओढली. तिथं काही नोंदलेलं नसतं, तबकडी बिघडत नाही. डोळ्यांना कळणार नाही, पण माझ्या नखाला कळेल अशी रेघ. उद्या पोलिसांकडे जायची वेळ आली तर हा पुरावा जागचा हलता कामा नये, असा माझा हिशेब.

शुक्रवारी त्या आल्या. सूप ढवळत असताना मी विचारलं, "नोनोमुराबाई, कपाटापाशी तुम्ही एवढा वेळ काय करत असता?"

"धूळ पुसते. तुमच्या पेट्यांवर किती धूळ बसते ठाऊक आहे? एकेक काढून पुसावी लागते."

"एकेक काढता?"

"मग काय, फुंकर मारू?"

"आणि उघडता?"

पळीचा आवाज थांबला. "काय म्हणायचंय तुम्हाला, सरळ म्हणा."

मी सरळ म्हटलं. तबकडी बदललीय म्हटलं. भाच्याचं नावही काढलं. ते काढायला नको होतं, तोंडातून जाताना मला कळलं, पण गेलं.

त्यांनी गॅस बंद केला. एप्रन सोडल्याचा, घडी केल्याचा आवाज आला. "अकरा वर्षं हे काम करतेय मी," त्या म्हणाल्या. "लोकांचे दात धुतलेत, अंथरुणं धुतलीत. एका आजीनं मला चोर म्हटलं होतं, पण तिला स्वतःचं नावही आठवत नव्हतं. तुमचं डोकं ठिकाणावर आहे, कुसाकासान. म्हणून जास्त लागलं." दार हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी केंद्राला फोन करून दुसरं माणूस मागितलं. महिनाअखेरीपर्यंत कुणी नाही म्हणाले. ठीक आहे म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानातले भाताचे गोळे खाऊन राहीन. रात्री उराबेला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस." आणि जरा थांबून, "पोलिसांत वगैरे नको जाऊस हं. उगाच त्या बाईचं आयुष्य..."

दुसऱ्या दिवशी शनिवार. उराबे नेहमीपेक्षा लवकर आला. बरोबर गरम रताळी आणली होती. "पुन्हा नावाडीणच लावू," तोच म्हणाला. "तुझा संशय तरी फिटेल."

वर गेला. पेटी घेऊन आला. चित्रपट सुरू झाला. मी रताळं न सोलता हातात धरून बसलो होतो.

पहिली हाक. दुसरी हाक. स्वच्छ. इतकी स्वच्छ, की तिच्या श्वासाचा शेवट ऐकू आला.

"ऐकलंस?" उराबे म्हणाला. "काही नाही. लेका, डोळ्यांमागोमाग कानही चालले तुझे."

क्षणभर मला ते खरंच वाटलं. कान गेले तर माझ्याकडे उरतं काय? आणि एका बाईला मी खरखरीसाठी चोर ठरवलं, जी खरखर नव्हतीच? तो चित्रपट मी शेवटपर्यंत ऐकला, पण काही कानांत शिरलं नाही. उराबेनं तबकडी पेटीत ठेवली, पेटी वर नेऊन ठेवली, "पुढच्या शनिवारी" म्हणून गेला.

मी भिंतीला धरून जिना चढलो. पेटी मांडीवर घेतली. पाचवी तबकडी काढून भोकाच्या कडेला नख फिरवलं. एकदा, दोनदा, उलटी करून पुन्हा. गुळगुळीत. रेघ नव्हती.

बाई शुक्रवारी सकाळी सूप अर्धवट टाकून गेल्या होत्या, वर गेल्याच नव्हत्या. त्यानंतर या जिन्यावर एकच माणूस चढला होता.

मी फोन केला नाही. पुढचा शनिवार येऊ दिला. उराबे आला, बूट काढले, शेगडीपाशी हात शेकले. मी म्हटलं, "पाच नंबर परत केलीस. बाकीच्या किती आहेत तुझ्याकडे?"

"कसल्या?"

"मी तिच्यावर रेघ ओढली होती, शिगे. सुईनं. गेल्या शनिवारी ती रेघ तुझ्याबरोबर गेली."

शेगडीवरची किटली वाजायला लागली तरी तो उठला नाही. शेवटी मीच चाचपडत जाऊन ती उतरवली.

"चार," तो म्हणाला. "दोन, तीन, सहा, आठ."

"विकल्यास?"

"विकीन होय?" त्याचा आवाज चढला. खरोखर दुखावला होता. "माझ्या जुन्या तबकड्या तुझ्या पेटीत ठेवल्या, आणि तुझ्या तबकड्या माझ्या घरी नेऊन पाहिल्या. इथं पाहताना तुला सांगावं लागतं. सांगताना बघता येत नाही, तोकुजी. तुला कळणार नाही ते. मला एकदा गप्प बसून बघायचं होतं. नावाडणीच्या त्या अंधारात क्लबात आपल्याला काळ्याशिवाय कधी काही दिसलं का? तिथं तिचे हात आहेत. दोरखंड धरलेले. बोटांवर फडकं बांधलेलंय."

"मला ठाऊक आहे. मी पाहिलंय."

"हो. तू पाहिलंयस. तुझी चिठ्ठी निघाली होती." मग हळूच, "मला वाटलं, तुला आता काय फरक पडतो?"

"मागितल्या असत्यास तर पेटीसकट दिल्या असत्या."

"म्हणूनच नाही मागितल्या."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण त्याचं तोंड नेमकं कुठं आहे ते कळेना. "तबकडीचं मी समजून घेईन कदाचित," मी म्हटलं. "पण 'तुझ्या घरात येतं कोण' असं तू विचारलंस. त्या बाईचं काय?"

त्यानं उठून बूट घातले. संध्याकाळच्या आत त्यानं चारही तबकड्या आणून दिल्या, दारातूनच. मी त्याला आत बोलावलं नाही.

सोमवारी पांढरी काठी घेऊन मी एकटा बसनं मदत-केंद्रावर गेलो, वर्षभरात पहिल्यांदा. त्यांनी नोनोमुराबाईंचा पत्ता दिला नाही, पण मी आलोय असं बाईंना कळवलं आणि त्या केंद्राच्या कचेरीत भेटायला आल्या. मी मिठाईचा डबा पुढं केला आणि डोकं खाली करून सगळं सांगितलं. उराबेचं नावही सांगितलं. ते लपवलं असतं तर संशयाचं सावट पुन्हा त्यांच्यावरच राहिलं असतं.

"त्यांनी तुम्हाला फसवलं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या भाच्याचं नाव तुम्ही स्वतः काढलंत."

"हो."

"माफी घेते. डबापण घेते. कामाला मात्र येणार नाही. मला तुमच्याकडे प्रत्येक पेटी पुसताना वाटेल की खाली तुम्ही पावलं मोजताय."

मी मोजतच होतो, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

आता हिराओका नावाची तरुण मुलगी येते. चांगली आहे. पहिल्याच आठवड्यात मी तिच्याकडून बेचाळीसही पेट्या उघडून एकेक लेबल वाचून घेतलं. ती कंटाळली, पण बोलली नाही. सगळं जागच्या जागी निघालं.

उराबे सप्टेंबरात आला. दारात उभा राहून खोकला. मी ओळखलं, तरी "कोण?" विचारलं. त्यानं नाव सांगितलं, आडनावासकट, अनोळखी माणसासारखं. मी म्हटलं, "ये." पेटी आणायला मी स्वतः वर गेलो. त्याला जेवढा वेळ लागला असता त्याच्या तिप्पट मला लागला, पण मीच गेलो. नावाडणीच्या तबकडीचं लेबल हिराओकानं मोठ्यानं वाचलं आणि ती भांडी घासायला आत गेली.

चित्रपट सुरू झाला. उराबे पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "धुकं आहे. नाव दिसत नाहीये अजून."

मी मान फिरवून आतल्या खोलीकडे हाक मारली, "हिराओकासान, जरा बघा, पडद्यावर धुकं आहे का?"

ओल्या हातांनी ती दारात आली. "आहे," ती म्हणाली. "खूप आहे."

उराबे हलला नाही. "पुढं सांगू?" त्यानं विचारलं.

"सांग," मी म्हटलं.