पिळाची रेघ

"सोफ्यावरून," आर्नफिन पुन्हा म्हणाला. "मी कॉफी ओतत होतो. मागे वळलो तर ही खाली."

सोल्फ्रिदने पडद्यावरचा एक्स-रे मोठा केला. हाडं मोडलेल्यांच्या या खोलीत ती सत्तावीस वर्षं प्लास्टर घालत होती. दोन वर्षांची ईबेन आजोबांना टेकून पलंगावर बसली होती. औषधाने रडणं थांबलं होतं, पण डाव्या पायाला ती कुणाला हात लावू देत नव्हती.

"फेरीबोटीच्या इंजिनावर होतात ना तुम्ही? माझ्या नवऱ्याची बोट रोज चुकायची."

"बोट वेळेवर सुटायची. तोच उशिरा यायचा."

ती हसली. "मग तुम्हाला समजेल असं सांगते. आडवा मार बसला की हाड आडवं मोडतं. पोरं हातावर पडली की ओल्या काटकीसारखं एका बाजूने चिरतं, दुसरी बाजू नुसती वाकते. आणि हे बघा. ही रेघ नडगीभोवती फिरत वर गेलीये, बोल्टच्या आट्यासारखी. पाऊल कुठेतरी अडकलं आणि अंग पुढे गेलं, की असा पीळ बसतो. सोफ्यावरून पडून सहसा नाही."

आर्नफिन ती रेघ बघत राहिला. "भरून येईल ना?"

"तीन-चार आठवड्यांत. या वयात नवं हाड भराभर धरतं. दोन वर्षांनी एक्स-रे काढला तर कुठे मोडलं होतं ते मलाही सांगता येणार नाही." तिने कीबोर्ड पुढे ओढला. "पण कारण लिहावं लागतं. कारण आणि एक्स-रे जुळले नाहीत तर बालसंरक्षणवाल्यांना कळवावंच लागतं, कायदाच आहे. सकाळी कुणाकडे होती ही?"

"आईकडे. बुधवारी दुपारी माझ्याकडे असते."

"आईचं नाव?"

"मारेन," तो म्हणाला. ती अक्षरं पडद्यावर उमटताना त्याने पाहिली.

मारेनने त्याला बजावलं होतं, "बाबा, घसरगाडीवर तिला मांडीत घ्यायचं नाही. आरोग्यकेंद्रातल्या बाईंनी मुद्दाम सांगितलंय. सपाटीवर ओढ, नाहीतर राहू दे." तो बरं म्हणाला होता. आज शाळेमागच्या उतारावर ईबेन दोन्ही हात वर करून त्याच्यापुढे उभी राहिली. अर्ध्या वाटेत तिचा बूट बर्फात रुतला, आणि गाडी काही लगेच थांबली नाही.

चौतीस वर्षांपूर्वी याच उतारावरून घरी आल्यावर मारेन पाय टेकेना. आपण कपडे वाळत घालत होतो तेव्हा पोर जिन्यावरून घसरली असणार, असं त्याच्या बायकोने, बोर्गहिल्दने, स्वतःच ठरवून टाकलं. मुरगळलंय म्हणून तिने तीन आठवडे मुलीला कडेवर वागवलं. आर्नफिन बोलला नाही. तिने जिन्याला फाटक करून घेतलं आणि मारेन सात वर्षांची होईपर्यंत काढू दिलं नाही. बोर्गहिल्द जाऊन आता चार वर्षं झाली होती.

दार ढकलून मारेन आत आली. कोटावरचा बर्फही तिने झटकला नव्हता. "काय झालं? कशी पडली?"

"सोफ्यावरून, असं सांगतायत," सोल्फ्रिद म्हणाली. "सकाळी पाय ठीक होता?"

मारेन थबकली. "सकाळी... बूट घालताना रडत होती. मला उशीर झाला होता. मी जरा जोरात ओढला पाय. देवा, म्हणजे तेव्हाच..."

"नाही," आर्नफिन म्हणाला. "घसरगाडीवर. मी मांडीत घेतलं होतं."

सोल्फ्रिदने लिहिलेलं पुसलं आणि पुन्हा लिहिलं. "हे जुळतं," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांगते मी तसं. दर हिवाळ्यात अशी चार-पाच येतात."

"मी सांगितलं होतं तुला, बाबा."

"हो."

"आणि मी काय काय बोलत होते ते ऐकत उभा राहिलास."

"तुझाही पाय असाच मोडला असणार," तो म्हणाला. "तू दोन वर्षांची होतीस. जिन्यावरून नव्हतीस पडली. माझ्याच मांडीत होतीस."

"आईला सांगितलंस कधी?" मारेनने विचारलं.

"नाही."

तिने कोट काढून खुर्चीवर टाकला. "बुधवारचं मी दुसरं काहीतरी बघते," ती म्हणाली. आवाज मुळीच चढलेला नव्हता.

सोल्फ्रिदने पट्ट्या कोमट पाण्यात बुडवल्या. "आई, तुम्ही हिला मांडीवर घ्या. आणि आजोबा, तुम्ही पाऊल धरा. तळव्यांनी हं, बोटांचे खड्डे पडतात."

आर्नफिन गुडघ्यांवर बसला. इवल्याशा टाचेखाली त्याने तळवे धरले. पट्टीवर पट्टी चढत गेली. ओलं प्लास्टर घट्ट होता होता ऊन होऊ लागलं.

"गलम!" ईबेन म्हणाली आणि त्याच्याकडे बघून हसली.

मारेन खिडकीबाहेर बघत होती. त्याचे गुडघे ठणकायला लागले, पण हात त्याने हलू दिले नाहीत. मग ती ऊब हळूहळू ओसरत गेली.

सोल्फ्रिदने नखाने प्लास्टरवर टकटक केलं. "झालं," ती म्हणाली. "सोडा आता."

त्याने एक तळवा काढला. थोड्या वेळाने दुसरा.