ताईसाठी वीस मिनिटं

नकाशाचा एक कोपरा काही केल्या सपाट बसेना, तेव्हा त्याने हात लांब करून बायकोची पोथी उचलली आणि त्या कोपऱ्यावर ठेवली. बाकीच्या तीन कोपऱ्यांवर मिठाची बरणी, कात्री आणि त्याच्या चष्म्याचं घर आधीच बसलेलं होतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती मटार सोलत होती. हातातली शेंग तशीच धरून तिने पोथीकडे पाहिलं. दाराच्या वरच्या घड्याळात आठ वाजून गेले होते.

रोज सकाळी अंघोळ झाल्यापासून नऊपर्यंत तिचं मौन असे. त्यात खुणा करायच्या नाहीत, कागदावर लिहायचं नाही, डोळे वटारायचे नाहीत. नाहीतर ते मौन कसलं, नुसती जिभेला सुट्टी. अकरा वर्षांत तिने ते एकदाही मोडलं नव्हतं. तापात नाही, पाहुण्यांसमोर नाही. मौन धरलं ते एका वाक्यापायी. आई गेली त्या आठवड्यात मोठ्या बहिणीला ती एक वाक्य बोलली होती आणि बहीण पाणीही न पिता घरातून निघून गेली होती. ताई पुढे ते विसरली, फोनवर हसायला लागली, हिच्या मुलींसाठी स्वेटर विणून पाठवू लागली. हिला मात्र ते वाक्य अजून शब्दन्‌शब्द पाठ होतं.

"हे बघ," तो म्हणाला. त्याने निळी पेन्सिल किनाऱ्यावरून फिरवली. "पहिला दिवस समुद्र. दुसरा दिवस समुद्र. तिसरा दिवससुद्धा समुद्रच. चौथ्या दिवशी पहाटे निघायचं, घाट चढायचा, वर जाऊन चहाचे मळे बघायचे, दुपारी खाली. संध्याकाळची गाडी. कुठे धावपळ नाही, कुठे खोळंबा नाही."

निवृत्त होईपर्यंत तो बस कंपनीत वेळापत्रकं करायचा. वेळापत्रक भिंतीवर लागल्यावर चूक सापडली की त्या ओळीवर पांढरी चिकटपट्टी लावून नवी वेळ लिहीत. एकतीस वर्षांत आपल्या कागदावर एकही पट्टी लागली नाही, हे तो भेटेल त्याला सांगे. भेटलेला नवीन नसला तरीही.

नकाशाशेजारी प्रवासाचा तक्ता होता, पट्टीने आखलेला; ही दोघं आणि त्याचा जुना सोबती डेपोमास्तर, बायकोसकट. चौथ्या दिवसाच्या रकान्यात, घाटावरच्या ताईच्या गावापुढे, हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : 'ताई – स्टँडवर – २० मि.'

तिने ते उलट्या बाजूने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

धाकटी केस विंचरत आतून आली. बापाच्या खांद्यावरून वाकून तिने तक्ता पाहिला.

"बाबा, आईला मावशीकडे दोन रात्री राहायचं होतं ना?"

"राहायचं कसलं? दोन खोल्यांचं घर, आणि आम्ही चौघं. डेपोमास्तर आणि त्याची बायको काय ओट्यावर झोपणार? म्हणून मावशीला स्टँडवर बोलवायचं. चांगली वीस मिनिटं काढलीत मी."

"तिच्या घरापासून स्टँडपर्यंत दीडशे पायऱ्या आहेत. तिचे गुडघे..."

"उतरायच्याच आहेत ना? चढायच्या असत्या तर गोष्ट वेगळी."

"आणि घरी परत जाताना?"

"तोवर आपली गाडी सुटलेली असेल," तो म्हणाला. त्यात काही वावगं आहे असं त्याच्या आवाजावरून वाटलं नाही. मग त्याने मान वर केली. "काय गं? हरकत नाही ना?"

तो थांबला. दोनदा श्वास घेण्याइतकाच थांबला.

"ठरलं तर मग."

आणि त्याने पेन्सिल ठेवून शाईचं पेन उचललं.

हे असंच होई. शिवणयंत्र विकायचं ठरलं ते असंच, साडेआठला. थोरलीला वसतिगृहात ठेवायचं ठरलं तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. जुनं घर सोडायचं ठरलं तेव्हा ती देवासमोर वात वळत बसली होती आणि त्याने दारातूनच विचारलं होतं. नऊनंतर ती तोंड उघडायची तेव्हा तो म्हणायचा, आता शब्द देऊन बसलो, आधी बोलायचं नाही का. नऊच्या आत विचारलं की काम होतं, हे त्याच्या कधी लक्षात आलं, आलं की नाही, देव जाणे. आलं नसेल तर ते जास्तच वाईट, असं अलीकडे तिला वाटू लागलं होतं.

"बाबा, नऊ वाजू द्या की," धाकटी म्हणाली.

"नऊला विश्रामगृहाचं बुकिंग उघडतं. तोवर कागद तयार नको? उगाच मध्ये मध्ये करू नकोस."

तो नकाशावरच्या तिसऱ्या दिवसाच्या रेषेवर शाई फिरवू लागला. तिच्या हातातली शेंग फुटली. दाणे सालींच्या टोपलीत गेले आणि साल दाण्यांच्या भांड्यात. पुढच्या शेंगेचंही तेच झालं. धाकटीने ते पाहिलं आणि फणी खाली ठेवली.

मागच्या आठवड्यात ताई फोनवर म्हणाली होती, "डाव्यातलं गेलंच गं. उजव्यात काठाकाठाने अंधार येतोय. डॉक्टर म्हणतात, फार तर चार-सहा महिने. ये एकदा. तुझा चेहरा डोळ्यांत भरून घेते, मग गेली नजर तरी चालेल." आणि वर हसली होती, "टिकली मोठी लाव. नाहीतर सापडायची नाहीस."

टेबलावरचा फोन वाजला. त्याचे हात शाईचे झाले होते म्हणून त्याने कोपरानेच बटण दाबून आवाज मोकळा केला.

"काय लेका, झाला का कागद?" डेपोमास्तरचा आवाज स्वयंपाकघरभर झाला. "वहिनींना विचारलंस ना? आमच्याकडे बाबा बायकोला न विचारता पानही हलत नाही."

"आमच्याकडे तो प्रश्नच नाही. हिची कधी ना नसते. अकरा वर्षांत एकदा हरकत ऐकली असेल तर शपथ."

"भाग्यवान आहेस!"

दोघं हसले. फोनमधलं हसू जरा उशिरा थांबलं.

ती उठली. पदराला हात पुसले. कोपऱ्यातलं स्टूल तिने फरशीवरून फरफटत घड्याळाखाली आणलं. त्याचा आवाज झाला, तो तिने होऊ दिला. ती वर चढली आणि घड्याळाची काच उघडली. या घड्याळाला त्याच्याशिवाय कुणी हात लावत नसे. दर रविवारी तो रेडिओशी ते जुळवून घ्यायचा. आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"अगं, काय करतेस?"

तिने मोठ्या काट्यावर बोट ठेवलं आणि तो ढकलत ढकलत बारावर नेला.

घड्याळ वाजू लागलं. तिने नऊच्या नऊ ठोके पडू दिले.

"हरकत आहे," ती स्टुलावरूनच म्हणाली.

"कोण बोललं रे?" डेपोमास्तरने विचारलं.

धाकटीने पुढे होऊन फोन बंद केला.

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं पडलं असतं. चढलेल्या आवाजाला काय म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं.

"ताईची नजर जातेय. हे तुम्हाला मी गेल्या सोमवारी सांगितलं, दुपारी जेवताना. तुम्ही म्हणालात, अरेरे. वीस मिनिटांत स्टँडवरच्या गर्दीत तिला मी सापडणारसुद्धा नाही. दीडशे पायऱ्या उतरून ती कुणाचातरी हात धरून उभी राहील, आणि तुम्ही घड्याळ बघाल."

"मग आधी का नाही..."

"तुम्ही कधी नऊनंतर विचारलंत?"

तो घड्याळाकडे बघत राहिला. "अजून आठ चाळीसच झालेत," तो म्हणाला. "मौन मोडलंस तू."

"माझं मी देवाशी बघून घेईन. तुम्ही ताईशी काय ते बघा."

ती खाली उतरली. टेबलाशी येऊन तिने पोथी उचलली, कपाळाला लावली आणि आत निघून गेली. नकाशाचा कोपरा हळूहळू गुंडाळत शाईवर आला आणि समुद्र खराब झाला.

"डेपोमास्तरला काय सांगू?" त्याने मागून विचारलं.

"सांगा, हिची हरकत होती."

दिवसभर तो तिच्याशी बोलला नाही. मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून त्याने काटे मागे आणले आणि काच जरा जोरातच लावली. जेवताना मीठ कमी होतं, ते त्याने मागून घेतलं नाही. संध्याकाळी तो बाहेर गेला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, देवासमोर दिवा लावून ती स्वयंपाकघरात आली तेव्हा टेबलावर नकाशा पसरलेला होता. तीन कोपऱ्यांवर मिठाची बरणी, कात्री, चष्म्याचं घर. चौथा कोपरा त्याने स्वतःच्या तळव्याखाली दाबून धरला होता. शेजारी तक्ता होता. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसावर एक रुंद पांढरी पट्टी चिकटवलेली होती. कडेला डिंक अजून ओला होता. पट्टीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. हिरवी पेन्सिल टोक करून तिच्या खुर्चीसमोर ठेवली होती.

ती बसली. शेंगांची टोपली पुढे ओढली. त्याने काही विचारलं नाही.

घड्याळात नऊचे ठोके पडले. त्याने मान वर केली, घसा साफ केला.

"हरकत..." म्हणाला आणि थांबला.

ती सोलत राहिली. काल काट्यावर बोट ठेवून पुढे ढकललेली वीस मिनिटं तिला आज मौनातच देवाला भरून द्यायची होती. हे त्याला माहीत नव्हतं, आणि सांगायची सोय नव्हती. तो एकदा घड्याळाकडे बघे, एकदा मनगटाकडे, मग तिच्याकडे. तळव्याखाली नकाशा दमट झाला होता. धाकटी दाराशी येऊन गेली. फोन वाजला, त्याने तो वाजू दिला.

नऊ वाजून वीस मिनिटं झाली. आता बोलायला कुणाची आडकाठी नव्हती.

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. आज तो थांबला होता, अजून जरा थांबू दे. मग टोपलीतून आणखी एक शेंग उचलली आणि सावकाश सोलायला घेतली.