डोंगराला सांगायचं नाव

चिलकाराच्या डोंगराला वाट नाही. आमच्या गावाचं पाणी त्याच्याच पोटातून येतं, म्हणून उगाच कुणी त्याच्या डोक्यावर चढत नाही. खाणवाले मात्र वर्षभर गावात घिरट्या घालत होते, माथ्यावर नेणारा माणूस शोधत. खाण आल्यावर शेजारच्या गावाचा झरा कसा आटला ते आम्ही पाहिलं होतं. कुणीही त्यांना न्यायचं नाही, असं गावानं ठरवलं. यंदा आमचाही झरा बारीक झाला, तेव्हा वर जाऊन डोंगराला विनवायला मला आणि माझ्या धाकट्या भावाला, सेवेरोला, पाठवलं. आम्ही दोघंही कधी वर गेलो नव्हतो.

पहिल्यांदा चढणाऱ्यानं पायथ्याशी स्वतःचं आणि आईबापाचं नाव सांगायचं, म्हणजे डोंगर ओळख ठेवतो. मी डोंगराचा नैवेद्य म्हणून कोकाची पानं पुरली, वाइन ओतली. "मी एर्मिंदा, फाउस्तो आणि सातुर्निनाची मुलगी."

सेवेरोनं वाइन ओतली आणि हात झटकले. "चल ताई, ऊन चढतंय."

माझ्या मनात पाल चुकचुकली. विसरला असेल, म्हटलं. लहानपणापासून विसराळूच मेला.

पण घसरड्या खडीवर तो परसात निघाल्यासारखा चालत होता. "इथून डावीकडे," म्हणाला. समोर तर सोपा चढ दिसत होता.

"का रे? सरळ काय वाईट आहे?"

"पुढे कडा आहे."

"स्वप्न पडलं का तुला?"

"अगं, अंदाज. तू ना, पोलिसात जायला हवं होतंस."

थोडं वर गेल्यावर कडा दिसला. मी त्याच्या पाठीवरची नजर काढली नाही. सावलीचा खडक कुठे आहे, तेसुद्धा त्याला ठाऊक होतं.

माथ्यावर पूर्वजांनी रचलेल्या दगडांशेजारी ताज्या सिमेंटमध्ये लोखंडी खांब उभा होता. खाणवाल्यांचा हद्दखांब.

"अरे देवा, हे कुणी केलं?" सेवेरो म्हणाला. खांबाकडे न बघताच म्हणाला.

"सेवेरो, डोंगराला नाव सांग."

"आता कशाला?"

"पहिल्यांदाच आलास ना?"

तो बुटानं खडी उकरत राहिला. "खाणवाले माझ्या पोराला कायमची नोकरी देतायत, ताई," शेवटी म्हणाला. "गावात काय आहे त्याच्यासाठी?"

उरलेली वाइन मी दगडांवर ओतली. "तू नाही सांगत तर मी सांगते. पाणी गेलं तर जाब कुणाला विचारायचा, ते कळू दे डोंगराला."

"ताई, नको."

"हा सेवेरो," मी मोठ्यानं म्हटलं. "मुलगा..."

पुढची दोन नावं तोंडातून निघेनात. सकाळीच ती मी माझ्या आईबापाची म्हणून सांगितली होती.